आधी दाखवायचं घर

जिन्यातला आवाज वर चढतो, ही गोष्ट चौथ्या मजल्यावर उभा जन्म काढूनही निरीक्षकांच्या कधी ध्यानात आली नव्हती. ते त्या वेळी आपल्याच घराच्या वरच्या अंगाला, गच्चीच्या बंद दाराला पाठ लावून पायरीवर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तो कशासाठी घातला, हे विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं, कारण गिऱ्हाईक आलं की मालकानं तोंड दाखवायचं नाही, हा एजंटाचा नियम होता. "काका, राग मानू नका, पण तुमचा चेहरा बोलतो," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "गिऱ्हाईक बाथरूममध्ये डोकावलं की तुमचा चेहरा पडतो. मग ते तिथं काय आहे ते शोधत बसतं." काकू मात्र घरात बसल्या तर चालणार होतं. काकूंमुळे घराला घरपण येतं म्हणे. तशाही काकू कुठं जाणार होत्या? गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्यांनी जिन्याचं तोंड पाहिलं नव्हतं. इमारतीला लिफ्ट नाही. बांधणाऱ्यानं लिफ्टसाठी जागा सोडली होती आणि मग तिचंही घर करून विकून टाकलं होतं. तर निरीक्षक वर बसले होते, आणि खाली दार ओढल्याचा आवाज आला, किल्ल्यांचा जुडगा वाजला, तीन जोड्या पावलं उतरू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एजंटाचा आवाज, दूध तापत ठेवलंय हे सांगावं इतक्या साध्या सुरात, वर आला. "हे आपलं आधी दाखवायचं घर. नजर तयार व्हावी म्हणून. आता खरं घर बघू." आणि गिऱ्हाइकाची बायको हसली. "तरीच," ती म्हणाली.

तरीच. निरीक्षक तो शब्द हातात घेऊन बसून राहिले. शिवी असती तर परत करता आली असती. "तरीच" कुणाला परत करायचं? तरीच म्हणजे काय, स्वयंपाकघर असं, की खिडकी तशी, की खुर्चीत बसलेली, गुडघ्यांवर शाल टाकलेली ती बाई, जिनं बहुतेक "बसा ना, चहा टाकायला सांगू का" असं विचारलं असेल, आणि सांगायला घरात दुसरं कुणी नाही हे मग तिच्या लक्षात आलं असेल? त्यांच्या तळपायाची आग हळूहळू वर चढू लागली. रोज सकाळी ते फरशी पुसत होते. नळाचं थेंब थेंब गळणं थांबावं म्हणून त्यांनी त्याला सुतळी बांधली होती आणि गिऱ्हाईक यायच्या आधी ती सोडत होते, कारण सुतळी वाईट दिसते. आणि हे सगळं, हिवाळ्यापासून चाललेलं हे पुसणं, झटकणं, पडदे धुणं, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरासाठी होतं. त्यांचं घर हे त्या घराचं तोंडीलावणं होतं. कारलं आधी खायला घालायचं, मग साधं पाणीसुद्धा गोड लागतं.

आणि हे त्यांना, त्यांना करावं. वजनमापे खात्यात केस पांढरे केलेल्या माणसाला. बाजारात त्यांची सावली पडली की दुकानदार तराजूखालचं चुंबक काढून खिशात टाकायचे. पोकळ वजनं, खालून चिकटवलेलं मेण, एका बाजूला रेघभर लांब असलेली दांडी, फेस धरून मोजलेलं तेल, सगळं त्यांनी पाहिलं होतं, जप्त केलं होतं, त्याचे पंचनामे केले होते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या वरिष्ठानं त्यांच्या तळहातावर एक जड वजन ठेवलं होतं आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसला होता, लग्न झालं का, सासुरवाडी कुठली. मग ते उचलून दुसरं ठेवलं. "किती असेल?" निरीक्षकांनी सांगितलं ते खऱ्याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. सगळं ऑफिस हसलं. "हात आधीचं विसरत नाही," वरिष्ठ म्हणाला होता. "म्हणून हातानं कधी तोलायचं नाही." ते वाक्य त्यांनी पुढं कित्येक उमेदवारांना ऐकवलं, त्यांच्याही हातावर वजनं ठेवली, त्यांनाही हसले. आणि इथं एक कंबरेला किल्ल्या लटकवलेला, बोलताना समोरच्याच्या दंडाला हात लावणारा माणूस तीच युक्ती भिंतींनी, दारांनी, अख्ख्या घरांनी करत होता, आणि तळहातावर ठेवलेलं जड वजन म्हणजे आपणच आहोत हे त्यांना कळायला उन्हाळा उजाडला होता.

उठायला हवं होतं, पण त्यांच्या मनात तोवर दुसरी गोष्ट येऊन बसली होती, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. तळमजल्याचं घर. हे विकायचं आणि ते घ्यायचं असा बेत होता, दोन्ही ह्याच जुडगेवाल्यामार्फत. त्यानं निरीक्षकांना तीन घरं दाखवली होती. पहिल्या घराची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप हाताला लागत होते. दुसऱ्याच्या भिंतीपलीकडे वेल्डिंगचा कारखाना होता, बोलताना माणसाला आपलंच वाक्य ऐकू येत नव्हतं. आणि तिसरं म्हणजे तळमजला. दार उघडल्याबरोबर जमिनीवर ऊन पडलेलं दिसलं होतं आणि निरीक्षक, ज्यांनी आयुष्यात कुठल्या दुकानदाराला समाधान दाखवलं नव्हतं, "हे," एवढंच म्हणाले होते. घरी येऊन त्यांनी बायकोला त्या उन्हाचं वर्णन सांगितलं. रस्त्यावरून सरळ आत, एकच पायरी, तीसुद्धा नावाला. ती गुडघे चोळत ऐकत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. आता इथं बसल्या बसल्या ते घर त्यांच्या डोक्यात विरघळायला लागलं. ते ऊन ऊन होतं, की नुसता पाइपांचा अभाव होता? ती शांतता शांतता होती, की वेल्डिंग बंद झालं होतं एवढंच? त्यांना काही केल्या ते घर नुसतं, एकटं, तराजूत टाकून बघता येईना. आणि त्यातच, कारण नसताना, त्यांना पहिल्या घराचा जिना आठवला. उतरताना ते एजंटाला म्हणाले होते, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले होते, "अहो, कोण राहतं हो असल्या घरात?" एजंट हसला होता. त्या इमारतीत वरच्या पायरीवर कोण बसलं असेल, ह्याचा विचार त्यांनी तेव्हा केला नव्हता.

घरात बायको खुर्चीतच होती. पाण्याचे पेले तिच्या शेजारी तसेच.

"गेले?" तिनं विचारलं.

"गेले. आणि येणार नाहीत. आपलं घर विकायला नाही, नजर तयार करायला आहे म्हणे. चूर्ण असतं ना पोट साफ करायला, तसं." आणि त्यांनी ऐकलेलं सगळं सांगितलं, "तरीच"सकट.

बायकोनं ऐकून घेतलं. तिला धक्का बसेल, ती कपाळाला हात लावेल, निदान त्या माणसाला दोन शब्द सुनावेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"घ्यायला आलेलं माणूस कपाट सरकवायला सांगतं. इतकी माणसं येऊन गेली, एकानं कपाटाला हात लावला नाही."

कपाटामागं ओल होती. गेल्या पावसाळ्यात भिंतीवर उतरलेली, एखाद्या देशाच्या नकाशासारखी. कपाट तिथं निरीक्षकांनी स्वतः सरकवलं होतं, एजंटानं सांगायच्या आधी, आणि सरकवून झाल्यावर दोन पावलं मागं जाऊन कौतुकानं बघितलं होतं. त्यात काही खोटं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. कपाट कुठंतरी ठेवावं लागतंच.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? माणसं येत होती. घटकाभर बसत होती. कोपऱ्यावर सिग्नल बसवला म्हणे, ते त्यांच्याकडूनच कळलं. तुम्ही कुठं काही सांगता?"

"म्हणजे तुझी करमणूक व्हावी म्हणून मी फरशी पुसत होतो."

"फरशी पुसली तर काय झिजलात? आधीची सगळी वर्षं मीच पुसली."

निरीक्षक आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. राग असा बसल्या जागी ढवळत राहिला, कधी त्या माणसाचा, कधी हिचा, कधी नुसता त्या कपाटाचा. एजंट नको, असं मुलगी पहिल्यापासून फोनवर म्हणत होती. "बाबा, तो दोन्हीकडून खाणार, तुम्ही सरळ जाहिरात टाका." त्यांनी टाकली होती. पहिल्या दिवशी इतके फोन आले की ते हरखून गेले, आणि संध्याकाळपर्यंत लक्षात आलं की फोन करणारे सगळे एजंट आहेत. त्यातला सगळ्यात कमी बोलला तो त्यांनी निवडला. पण एजंटाशिवाय तरी काय मोठं झालं होतं? हे घर त्यांनी तरुणपणी थेट मालकाकडून घेतलं होतं. मालक शाळामास्तर, कपाळावर सात्त्विक आठ्या, आवाज असा की ऐकणाऱ्याला आपणच खोटं बोलतोय असं वाटावं. "पाण्याचा काही म्हणजे काही त्रास नाही," मास्तर म्हणाले होते. राहायला आल्यावर कळलं की चौथ्या मजल्यावर पाणी चढतच नाही, आणि जे नाहीच त्याचा त्रास कसा असेल? पुढची कित्येक वर्षं खालच्या नळावरून बादल्या आल्या. त्या बहुतेक तिनंच आणल्या. निरीक्षक बाजार उघडायच्या आत कामावर जात. तो जिना त्या गुडघ्यांत कसा, किती, कुठल्या बादलीला उतरला, ह्याचं माप कुठल्या खात्यात ठेवलेलं नव्हतं, आणि हा विचार आल्याबरोबर त्यांनी तो एजंटाच्या रागाखाली दडपून टाकला, कारण तो राग जास्त सोयीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एजंटाला बोलावून घेतलं. तो आला, जुडगा मांडीवर ठेवून बसला, सगळं ऐकून घेतलं. नाही म्हणाला नाही. निरीक्षकांनी रात्रभर जी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती ती त्याच्या नकारावर आदळायची होती, आणि नकारच आला नाही तेव्हा ती अधांतरी लोंबकळली.

"काका, खोटं सांगत नाही."

"सांगा की. सवय मोडू नका."

"तुम्ही सांगितलेल्या किमतीत हे घर कुणी घेणार नाही. लिफ्ट नाही, चौथा मजला. मी तुम्हाला तीनदा म्हटलं, जरा खाली या. तुम्ही म्हणालात, मी उभ्या आयुष्यात माप खाली येऊ दिलेलं नाही. मग मी काय करायचं? घर माझ्याकडे आहे, विकलं तर जात नाही. त्याचा काहीतरी उपयोग व्हायला पाहिजे ना."

"उपयोग."

"हो. आणि कुठलं तरी घर आधीचं असावंच लागतं, काका. लोकांना नुसतं चांगलं घर दाखवलं तर ते म्हणतात, अजून बघू. मग बघतच राहतात. वर्षानुवर्षं. मी त्यांना थांबवतो. त्याचेच पैसे घेतो मी."

"आणि मला जी दोन दाखवलीत? पाइपवालं आणि वेल्डिंगवालं?"

"तेही असेच अडून बसलेत. किमतीला." तो सहज म्हणाला. "पाइपवाल्या बाई तर फार मानी. पण मनानं चांगल्या आहेत."

निरीक्षक उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला, जिन्यात कुणाला ऐकू जाईल ह्याची पर्वा न करता. उद्यापासून ह्या घरात पाऊल टाकायचं नाही, म्हणाले. माझं घर मी विकीन, ऊन कुठलं आणि पाइप कुठले ते मला कळतं, आणि तुमचा तो तळमजला तुम्हालाच लखलाभ होवो. बोलताना त्यांच्या ओठाच्या कडेला थुंकी जमली. एजंट दार उघडायला वळला.

"थांबा जरा," बायको खुर्चीतून म्हणाली. "तो तळमजला मला दाखवा."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुला? तू खाली कशी उतरणार?"

"यांनी दोन घाणेरडी घरं बघून मग ते बघितलं," ती एजंटाशीच बोलत होती. "मी काहीच बघितलेलं नाही. हिवाळ्यापासून ह्या चार भिंती. माझी नजर कुणी तयार केलेली नाही. ते घर कसं आहे ते मलाच दिसेल."

वजनमापाच्या दृष्टीनं हे इतकं बिनतोड होतं की निरीक्षकांनी तिच्या चपला शोधायला घेतल्या.

उतरायला फार वेळ लागला. ती आडवी उतरत होती, भिंतीकडे तोंड करून, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी, मध्ये श्वास. एजंट पुढं, एका हातानं स्वयंपाकघरातलं स्टूल धरून, दुसरा हात तिच्या कोपराखाली. प्रत्येक वळणावर तो स्टूल टेकवायचा आणि "बसा काकू, घाई नाही," म्हणायचा. तो हे चांगलं करत होता. नेमका आधार, ना कमी ना जास्त, आणि तोंडानं गिऱ्हाइकांच्या गमती. एक गिऱ्हाईक येतं ते आधी बेडरूममध्ये आडवं होऊन बघतं, एकदा झोपूनच गेलं. बायको हसत होती. निरीक्षक तिच्या मागं, हात तिच्या कंबरेजवळ, पण लागलेला नाही, आणि तो माणूस चांगलं करतोय ह्याचा त्यांना वेगळा राग येत होता. तिच्या मानेवर घाम होता. घामाचा वास, जिन्यातल्या कोंदट चुन्याचा वास, आणि खालच्या दारातून येणारा पेट्रोलचा, धुळीचा, उन्हात तापलेल्या रबराचा वास. बाहेर पडल्यावर ती थांबली. इतका वेळ थांबली की एजंटानं गाडीचं दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"ते घड्याळाचं दुकान कधी बंद झालं?"

"झाले बरेच दिवस," निरीक्षक म्हणाले.

"बोलला नाहीत."

हे सांगण्यासारखं असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

तळमजल्याचा मालक नियमाप्रमाणे घरात नव्हता. ऊन होतं. निरीक्षकांनी आधी ऊनच बघितलं, आणि ते तिथं असल्याचा त्यांना आधार वाटला आणि लगेच त्या आधाराची चीड आली. बायको भिंतीला हात लावत चालली. नळ सोडून बघितला, बंद करून बघितला. खिडकीची कडी लावली, काढली. मग आतल्या खोलीत ती मधोमध उभी राहिली.

"हे कपाट सरकवा."

एजंट क्षणभर घुटमळला. मग त्यानं एका बाजूनं धरलं, निरीक्षकांनी दुसऱ्या बाजूनं, आणि कपाट करकरत हललं. मागची भिंत कमरेपासून खाली काळी पडली होती. रंगाचे पापुद्रे सुटून आत पांढरं, मिठासारखं काही फुललं होतं. त्यांच्या घरातल्यापेक्षा मोठी ओल होती, जुनी, मुरलेली. निरीक्षकांच्या छातीत काहीतरी एकदम मोकळं झालं. हे त्यांच्या ओळखीचं होतं. मेण लावलेलं वजन उलटं करून दुकानदारापुढं धरावं तसं त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"बघा. हे बघा. हे तुमचं खरं घर."

बायकोनं भिंतीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

"वाईट आहे," ती म्हणाली. "आपल्यापेक्षा वाईट."

"झालं तर मग. चल."

ती खिडकीशी गेली. खिडकीला रुंद कट्टा होता. हात टेकून ती त्यावर बसली, पाय हळूहळू सरळ केले आणि बाहेर बघू लागली. बाहेर काही नव्हतं. एक बाई पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती.

"चल, ऊठ."

"मी आता वर येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वर येत नाही."

"अगं, हे दुसऱ्याचं घर आहे."

"मग घ्या."

"एवढी ओल? तुझ्या सांध्यांना ही ओल? तूच म्हणालीस ना वाईट आहे?"

"वाईट आहे असं म्हटलं. नको असं म्हटलं नाही." ती अजून बाहेरच बघत होती. आवाज चढलेला नव्हता, आणि तो चढलेला नाही ह्यामुळे निरीक्षकांना पहिल्यांदा भीती वाटली. "तो तीनदा म्हणाला खाली या. मी आत बसून ऐकत होते. तिन्ही वेळा तुम्ही त्याला तुमच्या मापाची गोष्ट सांगितलीत. तुमचं माप वर राहिलं, आणि त्याच्याबरोबर मीही वर राहिले. तो मला वापरत होता, हे खरं. दुसऱ्याचं घर विकायला वापरत होता. पण त्याच्यामुळे चार माणसं तरी दिसली. तुम्ही मला कशासाठी बसवून ठेवलं होतंत?"

ह्याला उत्तर असणार, असं निरीक्षकांना वाटलं. घराची किंमत म्हणजे काही नुसती किंमत नसते. इतक्या वर्षांच्या बादल्या, त्या बादल्यांचं मोल कुणी करायचं, ते कमी करून कसं चालेल, तो तिचाच अपमान नाही का, असं काहीतरी ते होतं, आणि ते जुळवता जुळवता त्यांच्या लक्षात आलं की बादल्यांचे पैसे बादल्या वाहणारीच्या गुडघ्यांतून आणखी एकदा वसूल करायला ते निघाले होते. त्यांना समोर कुणीतरी हवं होतं. मास्तर, दुकानदार, कुणीही, ज्याचा तराजू उचलून जप्त करता येईल. एजंट कपाटाला टेकून उभा होता आणि किल्ल्यांमधली एक किल्ली फार लक्षपूर्वक बघत होता. असल्या वेळी कुठं बघायचं हेही त्याच्या धंद्यात येत असावं.

"आमचं घर," निरीक्षक शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परका लागला, "कितीला जाईल?"

एजंटानं मान वर केली. त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या काकूंकडे, त्यांच्या सरळ केलेल्या पायांकडे.

"आता?" त्यानं विचारलं.

त्यानं तो शब्द हळू उच्चारला, जवळजवळ मायेनं. निरीक्षकांना तो पुरता कळला. ही बाई इथं बसली आहे, ती उठणार नाही, आणि हे तिघांनाही माहीत आहे. घासाघीस जिथं चालते ती जागाच आता राहिलेली नाही. हा आकडा ऐकायचा नाही असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं.

"आता," बायको खिडकीतूनच म्हणाली. "आणि मला सांगा. घर दोघांच्या नावावर आहे."

एजंट निरीक्षकांच्या बाजूनं वाट काढून पुढं गेला आणि कट्ट्याशी उभा राहून त्यानं आकडा सांगितला. निरीक्षकांच्या कानशिलात रक्त इतकं वाजत होतं की तो त्यांना ऐकू आला नाही. ते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. निदान तो पडेल, निदान एवढा तरी पडेल, म्हणून.

"चालेल," ती म्हणाली.